धक्क्यातली आमची पायरी

माझं माहेर पाण्याच्या अलीकडे आणि सासर पलीकडे. मधे धरण. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिच्यावर धरण झालं, आमचं गाव पाण्यात गेलं आणि काठावर उंच जागी नवं गाव वसलं. त्याला गाव म्हणायला आईची जीभ कधी वळली नाही. ती 'प्लाट' म्हणायची. कुणी विचारलं तर, "आम्ही प्लाटावर राहतो," असं सांगायची, जणू चार दिवसांसाठी पाहुणी आली आहे.

जुनं गाव सोडताना लोकांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. ज्यानं त्यानं आपल्या दारापुढच्या पायरीचा दगड उचलून आणला. ते दगड काठावर उतरते बसवले आणि लाँचचा धक्का तयार झाला. धक्का म्हणजे एवढंच, या पायऱ्या आणि वर पत्र्याची शेड. लाँचची वाट बघणारे शेडमध्ये बसायचे, ग्रामसभा तिथंच, सोयरिकीची बोलणी तिथंच आणि भांडणंही तिथंच. कुणाची पायरी कुठली हे पोराटोरांना ठाऊक. मग रिवाजच पडला, सासरहून लेक आली की तिनं आधी आपल्या घरच्या पायरीवर पाय ठेवायचा. आई तांब्या घेऊन उभी असायची. पायांवर पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि मगच तोंड उघडायची. "लई वाळलीस गं." मी चांगली गोलमटोल झाले होते तेव्हाही हेच.

सासरी मला काही कमी नव्हतं. पण काठावर धुणं धुताना मान आपोआप वर व्हायची. स्वच्छ ऊन असलं की पलीकडे शेडचा पत्रा चमकायचा. तो चमकला की मला फार आठवण यायची आणि सासूबाई म्हणायच्या, "धू आता, माहेर कुठं पळून जात नाय."

मग धक्क्याचं नशीब उघडलं. औरंगाबादहून साहेब लोक आले. इथं लाँचचं नवं टर्मिनल होणार, शेजारी मोठं सभागृह होणार, शहरातल्या मोठमोठ्या बैठका पाण्याकाठी भरणार. शेडमध्ये त्याचं रंगीत चित्र लावलं होतं. चित्रात हिरवळ होती, कारंजं होतं, टोप्या घातलेली माणसं होती, पण आमच्या गावचं वाटावं असं एकही माणूस नव्हतं. ठेकेदार तसा बरा होता. म्हणाला, "आपापले दगड घेऊन जा, नायतर भरावात जातील."

मी तेव्हा माहेरीच होते. पहारी लागल्या, दगड निघू लागले. आमचा दगड उलटला आणि आई वाकून त्याच्यावरची माती पुसू लागली. धक्का बांधताना गवंड्यांनी दगडांची सपाट बाजू वर घेतली होती, म्हणून दारातली वापरलेली बाजू इतकी वर्षं मातीत होती. आमच्या पायरीला एक खळगा होता. आई त्यात बिब्बे ठेवून फोडायची आणि आतल्या गोडंब्या काढायची. या दगडाला खळगा नव्हताच. त्याला होती लोखंडी कडी, शेळी बांधायची. ती पायरी शेजारणीची, आम्ही पोरं जिला खाला म्हणायचो तिची! आणि खालाचा दगड उलटला, तर त्यावर आमचा खळगा. गाव सोडायच्या गडबडीत, गाडीतून उतरवताना, दोन्ही दगडांची अदलाबदल झाली होती. दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या पायरीवर आपल्या लेकींना घेत होत्या.

लोक पोट धरून हसले. "घ्या बदलून आता," म्हणाले. मला तर आमच्या खळग्याला कधी एकदा हात लावते असं झालं होतं. पण खाला त्या दगडावर बसलीच.

"नक्को," ती म्हणाली. "मेरी बच्ची इसीच पे उतरती थी. आखिरी बार भी इसीच पे उतरी."

तिची लेक बाळंतपणाला आली होती, ती परत गेली नाही.

"ऱ्हाऊ द्या भाभी," आई म्हणाली. "माझी बी ह्याच्यावरच येती."

कडीचा दगड आमच्या दारात आला. आईला मात्र वेगळाच घोर लागला. "आता तू आलीस तर कुठं घ्यायचं तुला?"

"घे की दारात."

"दारात काय, कुणी बी येतंय. लेकीला पाण्यावर घ्यायचं असतंय."

टर्मिनल झालं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. काचा, खुर्च्या, पंखे, स्वच्छ संडास. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पूर्वी चिखल तुडवावा लागायचा, तोही संपला, कारण नवा धक्का तरंगता होता. त्यानंतर मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा वाटलं, आता आईचं तोंड टर्मिनलच्या कठड्याबाहेरच दिसणार. लाँच जवळ आली आणि मी पिशवी सोडून उभीच राहिले. आई तरंगत्या धक्क्यावर उभी होती.

गाव बुडाल्यापासून तिनं पाण्यावर पाय ठेवला नव्हता. माझ्याकडे यायची ती एसटीनं, लांबचा वळसा घालून. "आपल्याच घरावरून जायचं व्हय?" असं म्हणायची. आज तिकिटाशिवाय आत सोडेनात, म्हणून तिनं लाँचचं तिकीट काढलं होतं. खलाशी तिला, "मावशी, चला, बसा," म्हणत होता आणि ती त्याला, "मला नाय जायाचं कुठं," म्हणून सांगत होती.

मी उतरले. लाटेनं धक्का हलला. एका हातानं कठडा घट्ट धरून तिनं दुसऱ्या हातानं माझ्या पायांवर पाणी घातलं. निम्मं फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. तिथं बघत तिनं हळूच विचारलं, "इथं खाली आपलं घर तर नाय ना गं?"

"नाय आई. ते लई लांब, तिकडं मधे."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. पण तिचा चेहरा पडला.

"इथं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तुला घरी तरी घेतलं असतं."