अकरा तास, दुसऱ्याच्या नावावर

आधीच सांगून टाकते, मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. अकरा कोर्स मी केले आणि अकराही दुसऱ्याच्या नावावर. बाराव्याला नाही म्हणाले, तर घरापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणून हे लिहितेय.

नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आले तेव्हा पुण्यातल्या कोर्टात माझं नुकतं कुठे बस्तान बसत होतं. काळा कोट होता, अर्धं का होईना पण टेबल होतं आणि "मॅडम, आमची तारीख कधी?" असं विचारणारी माझी माणसं होती. टोकियोच्या निशी-कसाई भागात राहायला आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा हे शिकण्यात गेली. मग टोकियोतल्या एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी मिळाली. भारतातल्या कंपन्यांशी होणारे करार वाचायचे, चुका काढायच्या, कलमं नव्याने लिहायची. काम सगळं वकिलाचं. पण इथे वकिलाला 'सेन्सेई' म्हणतात आणि मी आपली नुसती आडनावापुढे 'सान', जे इथे कुणालाही लावतात. मी शोधलेली चूक मीटिंगमध्ये सेन्सेई बोलून दाखवणार, पलीकडचे लोक त्यांच्यापुढे वाकणार आणि मी कोपऱ्यात बसून टिपणं काढणार. अशा मिरच्या झोंबायच्या नाकाला, काय सांगू!

मला इथे परदेशी वकील म्हणून रीतसर नोंदणी हवी होती. भारतीय कायद्याचा सल्ला द्यायचा, तोही स्वतःच्या सहीने. पुण्यातली वकिलीची वर्षं त्याला कमी पडत होती. इथल्या वकिलाच्या हाताखाली केलेलं काम त्यात धरता येत होतं, पण त्या वकिलाने तसं पत्र द्यायला हवं. म्हणजे माझी सगळी भिस्त आमच्या सेन्सेईंच्या एका पत्रावर.

सेन्सेई साठीचे, मृदू बोलणारे. तरुणपणी अमेरिकेत शिकून त्यांनी तिथल्या एका राज्याची वकिलीची सनद मिळवली होती आणि व्हिजिटिंग कार्डावर ती ठळक छापलेली असे. ती सनद टिकवायची तर ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. शिक्षण म्हणजे ऑनलाइन व्याख्यानं. मधेच पडद्यावर एखादा शब्द येतो, तो टिपून ठेवायचा, शेवटी फॉर्ममध्ये भरायचा आणि "हे मी स्वतः ऐकलं" या वाक्यापुढे खूण करायची.

ती खूण मी करत होते. माझ्या आधी त्या टेबलावर बसणारी बाई करायची, तिच्या आधी आणखी कुणी. सेन्सेईंनी पहिल्यांदा सांगितलं तेसुद्धा किती नम्रपणे! "तुमचं इंग्रजी उत्तम आहे, थोडा त्रास देऊ का?" मी खूशच झाले. दुपारच्या सुटीत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात मी करांचं ऐकलं, लवादाचं ऐकलं, पुराव्याचं ऐकलं, वह्या भरभरून टिपणं काढली. टोकियोत माझ्याइतकी शिकलेली बिनसनदेची वकील दुसरी नसेल. आणि खरं सांगू? मजा येत होती. वर्गात बसल्यासारखं वाटायचं. आपण खोटं करतोय हे मनात यायचं, नाही असं नाही, पण मी ते चहाबरोबर गिळून टाकायचे.

बारावा कोर्स व्यावसायिक नीतीचा होता. त्या दुपारी डाव्या पडद्यावर ते व्याख्यान चालू होतं आणि उजव्या पडद्यावर मी माझा स्वतःचा नोंदणीचा अर्ज भरत होते. 'मी हा व्यवसाय प्रामाणिकपणे करीन' असं काहीसं त्यात लिहायचं होतं. एवढ्यात डावीकडे शब्द आला. तो टिपायला हात उचलला आणि मला हसूच फुटलं. चांगलं मोठ्याने. आमचं ऑफिस म्हणजे शिंकही दाबून शिंकणारं. सगळ्या माना वळल्या. मी व्याख्यान बंद केलं आणि सेन्सेईंच्या खोलीत गेले.

"हा कोर्स मला नाही जमणार," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, वेळ नाही. "गुरुवारपर्यंत चालेल."

"वेळ आहे. पण करणार नाही. हा तुमचा आहे, तुम्ही ऐका."

त्यांनी दातांतून श्वास आत ओढला. इथे समोरच्याने असा श्वास ओढला की समजावं, आता काही खरं नाही. मग त्यांनी खण उघडून एक कागद अर्धवट बाहेर काढला. माझं पत्र. "हेही तयारच आहे," ते म्हणाले. "गुरुवारी माझे तास पुरे झाले की दोन्ही कामं एकदमच उरकू."

"म्हणजे एकाच्या बदल्यात दुसरं?"

"छे छे, तसं नाही."

"मग पत्र आत्ता द्या."

त्यांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. मग अगदी हळू म्हणाले, "अकरा वेळा तर केलंत तुम्ही."

हे मात्र बरोबर लागलं. कारण ते खरंच होतं. "केलं," मी म्हणाले, "आणि चुकलं माझं. इंग्रजी अडत असेल तर मी शेजारी बसते, प्रत्येक वाक्य समजावून सांगते. पण शब्द तुमच्या हाताने लिहायचा."  ते हसले, कागद आत सरकवला आणि खण बंद केला.

संध्याकाळी नवरा प्लास्टिकच्या बाटल्यांवरची लेबलं सोलत बसला होता, त्याला सगळं सांगितलं. "अगं, एक तासाचा व्हिडिओ!" तो म्हणाला. "लावून द्यायचास आणि चहा प्यायचास. दोन वर्षं राबलीस ना या पत्रासाठी?"

"राबले म्हणूनच."

"इथे असंच चालतं."

"डोंबल! इथे चालतं, तिथे चालतं, मग चालत नाही कुठे?" मी ओरडलेच. त्याने हातातली बाटली खाली ठेवली आणि तो आत निघून गेला.

शुक्रवारी पत्र मिळालं. तीन ओळी. या बाईंनी आमच्या कार्यालयात टायपिंग, फायली लावणं आणि भाषांतर ही कामं केली. दोन वर्षांतले करार, कलमं, रात्रंदिवस केलेल्या दुरुस्त्या, एकाचाही उल्लेख नाही. असं पत्र अर्जाला जोडून काडीचा उपयोग नव्हता. इथल्या रीतीप्रमाणे मी ते दोन्ही हातांनी परत केलं. म्हटलं, "मी केलेलं काम हे नव्हे." महिनाअखेरीला नोकरी सोडली.

पुढची दोन वर्षं टोकियोशेजारच्या कावासाकीत एका वयस्कर वकीलबाईंच्या छोट्या ऑफिसात काढली. तेच काम, पहिल्यापासून. गेलेली वर्षं आठवून कितीदा रडले असेन, खोटं कशाला बोलू! पण त्या बाईंनी पत्र दिलं, दोन पानी, एकेका कराराचा उल्लेख करून.

गेल्या आठवड्यात अर्ज टाकला. सोबत एक जादा कागद जोडला. कुणी मागितला नव्हता. आधीच्या ऑफिसात असताना मी दुसऱ्याच्या नावावर अकरा कोर्स केले आणि अकरा वेळा खोटी खूण केली, एवढंच त्यात लिहिलं. सेन्सेईंचं नाव लिहिलं नाही. तो कागद माझ्याबद्दलचा होता. नवऱ्याने वाचला आणि कपाळावर हात मारला. "आता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? नाकारतील ना!"

नाकारू देत. पुन्हा टाकीन, आणि तो कागद तेव्हाही जोडीन.