सायीचा रंग

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय. भिंतीच्या रंगावरून एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

सासूबाई करंज्याहून कायमच्या पनवेलला, आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या खोलीला रंग द्यायचा होता. पेंटरने भिंतीवर शेजारीशेजारी दोन पट्टे मारून दिले. एक सायीसारखा, किंचित पिवळसर. दुसरा पांढराच, पण राखाडी झाक असलेला. दोन्हींत फरक तो केवढा? आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीला नाक लावून त्यांनी दोन्ही पट्टे पाहिले आणि सायीच्या पट्ट्यावर हात ठेवला. "यो बरा हाय."

मला तो जुनाट वाटला. ऑफिसातल्या मैत्रिणी घर बघायला येणार होत्या ना! आई चार दिवस लेकीकडे गेल्या, तेवढ्यात मी राखाडी मारून घेतला. परत आल्यावर सांगितलं — तुमचाच आहे. त्यांना कुठे काय दिसतंय, असं मनात म्हणालेही. हो, म्हणाले.

मग ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी निघाली, आई घरी आल्या आणि खोलीच्या दारातच थबकल्या. "यो तो नाय."

तेव्हाच कबूल केलं असतं तर? दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण मी घाबरले — आणि म्हणाले, ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात, डॉक्टर म्हणाले नव्हते का? डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. म्हणून तर माझं खोटं पचलं.

आता आई त्या भिंतीकडे नुसत्या बघत बसल्या तरी मी काहीतरी काम काढून खोलीबाहेर पडते. पण त्यांचा संशय भिंतीवर नाहीच. माझ्यावर तर नाहीच नाही.

करंज्याच्या बंदरावर त्यांनी उभा जन्म मासळी विकली. कल्ला उघडून आतल्या रंगावरून मासा ताजा की शिळा हे झटकन सांगायच्या; लाल तो ताजा. मलाही त्यांनीच शिकवलं. परवा बाजारात त्यांनी सुरमईचा कल्ला उघडला, बराच वेळ पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "बघ गो, लाल हाय का? माज्या डोल्यांचा काय खरा नाय."

कल्ला लालभडक होता. मी हो म्हणाले. तेवढंच म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाहिलंही नाही. माझ्या शब्दावर सुरमई घेतली.