माझ्या हातचा गुडघा

सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नाही, ही आमच्या सौंदडच्या घरची रीत. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर उभं राहून बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं. आणि २०११ च्या उन्हाळ्यात मी पदर दातांत धरून, दोन्ही हातांनी त्यांची पोटरी मागे रेटत होते आणि ते मला आईमाईवरून शिव्या देत होते.

मामाजी, रूपलाल त्यांचं नाव, कोंबडबाजारात काती बांधायचे. झुंजीआधी कोंबड्याच्या पायाला वस्तऱ्यासारखं धारदार पातं बांधतात, ती काती. हे काम उकिडवं बसूनच होतं. कोंबडा जमिनीवर उभा असला, त्याचा भार पायावर असला, तरच दोरा नेमका किती आवळायचा ते कळतं, असं ते म्हणत. जन्मभर असे बसून बसून उजवा गुडघा कामातून गेला. शेवटी नागपूरला नेऊन नवा गुडघा बसवला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, चाला, खुर्चीवर बसा, पण उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. आणि हा पाय रोज वाकवून घ्यावा लागेल, नाहीतर लाकूड होऊन बसेल.

वाकवणार कोण? माझा नवरा संजू ट्रकवर, घरी येणार कधी नि जाणार कधी याचा पत्ता नसे. सासूबाई, शांतीबाई, पहिल्याच किंकाळीला कानांवर हात ठेवून शेजारी पळाल्या. उरले मी. मी फुलचूरची, गोंदियाच्या कडेला वाढलेली, तोंडाची फटकळ. घरची रीत पाळत होते ती निव्वळ नाइलाजानं. म्हटलं, चला, मोडायचीच आहे तर नीट मोडू.

"कसाईन हायेस वो तू! काऊन मारून राहिली मले?" मामाजी ओरडायचे.

"मामाजी, वाकवा. अजून वाकवा."

एकदा त्यांनी उशाशी ठेवलेला पितळी लोटा माझ्या कपाळावर हाणला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मी पोटरी सोडली नाही. उलट जास्तच रेटली, खोटं कशाला बोलू. राग होताच माझ्या मनात. या माणसानं सासूबाईंच्या पाठीवर वळ उठवलेले मी पाहिले होते, संजूला ऐन तारुण्यात खाटेला बांधून मारलेलं ऐकलं होतं. त्या सगळ्याचा हिशेब मी त्या गुडघ्यावर चुकता करत होते. मामाजींनाही ते कळत होतं. धडक्या पायानं ते माझ्या बरगडीत लाथ घालायचे, मी शिवी घालायचे, ते त्याहून मोठी घालायचे. शेजारीपाजारी म्हणत, रूपलालच्या घरी रोज झुंज लागून राहिली.

पण गुडघा वाकू लागला. खाटेवरून काठी, काठीवरून बिनकाठीचं अंगण. एक दिवस मामाजी गावच्या चौकापर्यंत चालत जाऊन आले आणि मी दारात उभी राहून पाहत होते. तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवता येईना. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं असेल, गुडघा माझ्या हातचा होता.

दिवाळी झाली, धान निघालं आणि बाजार सुरू झाले. पोलिसांच्या भीतीनं जागा बदलत, कधी या जंगलात, कधी त्या. श्यामलाल घरी आला. तो झुंजीचे कोंबडे पाळायचा आणि ते मामाजींनी बांधलेल्या कातीनंच लढायचे. तो खाटेशी बसून सांगत होता, "काका, तुमच्या जागी तो नवा बसते. मागच्या बाजारात काती सुटली ना कोंबडा धरणाऱ्याच्या मांडीत घुसली. तुमच्यासारखा हात नाही हो त्याले."

तो गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तिकडं गेले तर पाहा. पाय जाईल तुमचा."

"पाय जाईन त जाईन," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "खाटेवर बसून रायलेला रूपलाल कोणाले पायजे? तुले पायजे का?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी विहिरीवर गेले तेवढ्यात ते तिकडं निघून गेले.

दुपारी श्यामलालची मोटारसायकल दारात येऊन थांबली. त्याच्या मनगटावर दातांचे व्रण होते, रक्त आलेलं. "वयनी, चला. काका बसला तो उठूनच नाही राहिला. कोणी हात लावला का चावून राहिला. म्हणते, सुनेले आणा."

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे मोहाच्या झाडांखाली बाजार भरला होता. पिसं, रक्त, मेलेल्या कोंबड्यांचा ढीग, आणि बाई म्हणून एकटी मी. मामाजी मधोमध उकिडवे बसले होते, तोंड राखेसारखं, काखेत कोंबडा. गुडघा पार दुमडलेला. मी त्याला तितका कधीच वाकवला नव्हता. कुठं थांबायचं ते मला ठाऊक होतं.

माझं डोकं फिरलं. शेकडो पुरुषांसमोर मी सासऱ्याच्या कानाखाली वाजवली. पदर खांद्यावर आला, मी तो उचलला नाही.

मामाजींनी मान वर केली. "मारलं ना वो? आता धर." त्यांनी कोंबडा माझ्या हातांत दिला. "मंग उठवजो. आंदी हा बांधू दे. आता काई माह्यानं पुन्हा बसणं होत नाही, मले मालूम हाये."

मी समोर उकिडवी बसले आणि कोंबडा जमिनीवर उभा धरला. त्याचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं. मामाजींचा अख्खा पाय थरथरत होता, हात मात्र नाही. दोरा गुंडाळला, आवळला, नखानं तपासला, काती बसवली. मग त्यांनी श्यामलालला मान हलवून खूण केली. तो कोंबडा घेऊन गेला आणि सगळी गर्दी रिंगणाकडे वळली. आमच्याजवळ कुणी राहिलं नाही.

"हं, आता," मामाजी म्हणाले आणि माझा खांदा घट्ट धरला.

मी त्यांना अलगद मागे टेकवलं, पोटरी धरली आणि पाय सरळ करायला ओढली. आत काहीतरी तुटल्याचं माझ्या हातांना कळलं. त्याच क्षणी श्यामलालच्या कोंबड्यानं झेप घेतली, समोरचा एका घावात आडवा झाला आणि बाजार आरोळीनं फुटला. त्या आरोळीत मामाजींची किंकाळी कुणाला ऐकू गेली नाही. मला आली, आणि मी रडत रडत पाय ओढतच राहिले.