बर्फावरचे काळे पट्टे

सकाळी सातला, इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या किचनमध्ये, मी चहा घेऊन जपान बघत बसतो. होक्काइदोमधल्या एका गावचा कॅमेरा आहे, इंटरनेटवर सतत चालू. मागे स्कीइंगचा डोंगर, समोर बटाट्याची शेतं, मध्ये एक बसस्टॉप. बायकोनं हौसेनं मला तिथं नेलं होतं. स्कीवर मी उभा कमी, आडवा जास्त होतो. ती मात्र स्वेटरवर स्वेटर चढवून शेतकऱ्यांच्या घरी बसायची. बर्फाखाली ठेवलेला कोबी गोड का लागतो, यावर खाणाखुणांनी चर्चा चालायची. त्याच बसस्टॉपवरून तिनं इथल्या लेकीला कॅमेऱ्यातून हात हलवून दाखवला होता.

ती गेली त्याला वर्ष झालं. क्रिमेटोरियमनं दिलेला तिच्या अस्थींचा डबा बॉयलरच्या कपाटात आहे. घरात ऊबदार जागा तेवढीच. नाशिकला नेऊ म्हणतो आणि दरवेळी नवं कारण काढतो: कधी तिथलं ऊन, कधी ऑफिस, कधी माझी पाठ. लेक आता विचारत नाही, नुसती कपाटाकडे बघते.

आणि त्या बसस्टॉपवर रोज एक ठेंगणी बाई येते. डोक्यावरून शाल, एक हात कमरेवर. जवळच्या शेतावरची कुणीतरी असणार, एवढं मला कळतं. तरी तोंडातून "आलीस?" निघून जातं.

मार्चमध्ये एके दिवशी ती आली नाही. शेतात ट्रॅक्टर फिरत होता, मागून काळी पूड उडवत. पांढऱ्या बर्फावर लांबच लांब काळे पट्टे पडत होते. काळा रंग ऊन धरून ठेवतो, बर्फ लवकर वितळतो, जमीन लागवडीला मोकळी होते. हे मला बायकोनंच तिथं समजावलं होतं. मला मात्र ती राखच दिसली. आणि कपाटातला तो डबा, उघडलेला.

लेक कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. मी एक शब्द बोललो नव्हतो, तरी ती हळूच म्हणाली, "तिथं नको, बाबा. आईला थंडी सोसायची नाही."

"नाशिकलाच," मी म्हणालो. "याच महिन्यात."

लगेच तिकिटं बघायला घेतली. प्रवासी किती, तर सवयीनं मी तीन टाकले. लेकीनं हात पुढे केला. ती आकडा बदलेल असं वाटलं, पण तिनं हात नुसता माझ्या हातावर ठेवला. मग तीनाचे दोन मीच केले.