नगाऱ्याला कान लावणारा माणूस

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात लिंबाखाली एक म्हातारा नगारे मढवत बसायचा. नाव मी कधी विचारलं न्हाई.

आमच्या मारुतीच्या देवळातला तांब्याचा नगारा चाळीस वर्षं मीच वाजवला. पावसाळी हवेत कातडं सैल पडलं की जाळावर शेकावं लागतं. यंदा मी जास्तच शेकलं अन् ते फाटलं.

म्हाताऱ्यानं नगारा मांडीवर घेतला, बोटाच्या पेरानं तांबं ठोकलं अन् डोळे मिटून त्याला कान लावला. "भांडं अजून सुरात हाय, भाऊ. आमचे आजे घोड्यावरचे नगारे मढवायचे, असंच तांबं होतं. पण कातडं आता मिळून न्हाई राहिलं. प्लास्टिक बसवतो."

"देवापुढं प्लास्टिक? ठेव ते तुझ्यापाशीच!"

तो रागावला न्हाई. "मलाबी आवडत न्हाई. पण मुकं राहण्यापरीस बरं."

मी नगारा उचलून चालू पडलो.

पंधरा दिवसांत देवळात विजेचं यंत्र बसलं. बटण दाबलं की घंटा अन् नगारा आपोआप वाजतात. मग मी, प्लास्टिक तर प्लास्टिक म्हणून, बाजारात गेलो. लिंबाखाली मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता. म्हणाला, "चाचा तर मागच्या हप्त्यात वारले."

नगारा माझ्या खाटेखाली हाय. आरतीला यंत्र सुरू झालं की मी वाकून तांब्यावर टिचकी मारतो अन् कान लावतो. भांडं अजून सुरात हाय. तेच ऐकवत न्हाई.