विसर्जनाच्या तळ्याची भिंत

गोदामांच्या जागांचे नकाशे काढणं हे माझं काम. भिवंडीत या कामाला मरण नाही. खारबावची ती भातशेती माझ्याकडे आली, तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांत भरली. सगळा उतार मधल्या तळ्याकडे होता, आणि तळ्याच्या पलीकडे, आणखी खाली, बौद्धवाड्यात माझ्या मावशीचं घर. तळं बुजवलं की पाणी थेट तिच्या चुलीपर्यंत जाणार.

जमिनीचे मालक गावातलेच एक काका. नकाशात मी तळं ठेवलेलं, शिवाय त्यात पाणी नेणारा गवताचा उघडा चर सोडलेला. ते बघून म्हणाले, "पान्याला एवढी जागा? पानी काय भाडं देनार हाय?"

मी उतार समजावला, मुरमाच्या भरावानं काय होतं ते समजावलं. काका जांभया देत बसले. शेवटी मी विचारलं, "मग गावचे गणपती कुठं नेणार?" तेव्हा कुठे माणूस जागा झाला. तळं राहिलं, आणि मी मनातल्या मनात खूश.

पावसाळ्याआधी गोदामं उभी राहिली. श्रावणात मावशीचा फोन आला, घरात पाणी शिरलंय. जाऊन बघते तर तळ्याभोवती कमरेएवढी भिंत, वर चकचकीत टाइल्स, एका बाजूला गेट. तळं अर्धंही भरलेलं नव्हतं. चरातून येणारं पाणी भिंतीला थडकायचं, वळसा घालायचं आणि बौद्धवाड्यात उतरायचं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. काका मात्र हौसेनं भिंत दाखवत होते. "आपला देव जातो तिथं. ट्रकच्या चाकांचं पानी तळ्यात कसं येऊ द्यायचं?" लबाडी नव्हती त्यात. पदरमोड करून बांधली होती.

मी त्यांना मावशीच्या दारात नेलं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर ते वरमले. चुकलंच म्हणाले, चराच्या तोंडाशी भिंत फोडून देतो म्हणाले. "पन विसर्जन झाल्यावर. सनाच्या तोंडावर तळ्याला हात कसा लावू?"

मी पुष्कळ वाद घातला आणि शेवटी हात टेकले.

मावशीकडे काय, सबंध बौद्धवाड्यात कधी गणपती बसला नाही. काका गेल्यावर तिनं पलंगाच्या पायाखाली आणखी एक वीट सरकवली आणि मला विचारलं, "यंदा गनपती कवा हाय गं?"