आत्याने पारखलेलं घर

भूकंपानंतर आत्या आमच्याकडे लातूरला राहायला आली, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. त्या पहाटे ती शेतात जनावरांजवळ झोपली होती म्हणून वाचली. घरात तिचा नवरा आणि एकुलता एक मुलगा होता. दोघेही गेले. पुढे सरकारने नव्या गावठाणात तिला घर दिलं, पण तिथल्या स्लॅबखाली तिचा डोळा लागेना. आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे बाज टाकून दिली, तेव्हा कुठे ती टिकली. उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहवत नसे. आत्या ओलं लुगडं अंगावर घेऊन पडायची, पण पुढच्या खोल्यांत झोपायला कधी आली नाही. खोलीचं दारही उघडंच असायचं. आम्ही समजायचो, वाऱ्यासाठी.

पुढे लातुरात क्लासचं पेव फुटलं. माझे पती एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागले आणि आम्ही वर मजला चढवून मुलींना खोल्या भाड्याने दिल्या. जून आला की हदगाव, बिलोली, नायगावकडून आईबाप मुलींना घेऊन यायचे. नळ सोडून पाहायचे, कडी लावून पाहायचे, डबा कुठून येतो ते विचारायचे. बापाचं बोलणं चालू असताना आई मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहायची. आत्या जिन्याखाली बसून हा सगळा कार्यक्रम बघायची. एका बाईने तर जाता जाता तिलाच गाठून हळूच विचारलं की मालकीण रागीट आहे का. आत्याने सांगितलं, रागीट हाय, पण पोरींना उपाशी ठेवत न्हाई. ती मुलगी आमच्याकडेच राहिली.

मग आत्या पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती चालायलाही लागली. पण दिवसभर घरात कोणी नसायचं. मी शाळेत, हे क्लासला, मुली क्लासला. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावून जायच्या. एक दिवस काकू बाहेरगावी गेल्या होत्या आणि मी शाळेतून आले तर आत्या मोरीपाशी जमिनीवर पडलेली. कधीपासून पडली होती, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तिला उठवून बसवलं, कपडे बदलले, चहा करून दिला. चहा संपवून तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला एखाद्या आश्रमात ठिव."

मी रडले, चिडले. नोकरी सोडते म्हणाले. लोक काय म्हणतील, हेही बोलून गेले. आत्याने माझं सगळं ऐकून घेतलं. तिने एकच अट घातली. त्या मुलींचे आईबाप खोली बघायला येतात तशी ती स्वतः जाऊन बघणार होती, आणि तिला पटेल तिथेच राहणार होती.

रविवारी एकाची जीप सांगून आम्ही निघालो. लातुरातच शहराबाहेर एक नवा वृद्धाश्रम निघाला होता. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढूनही पाय ठेवायला संकोच वाटावा. व्यवस्थापकांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, बिस्किटं मागवली. हॉलमध्ये टीव्हीसमोर म्हातारी माणसं धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसली होती. मला ती जागा मनापासून आवडली. आत्याने आधी संडास बघितला, मग हॉलमध्ये एका आजींशेजारी जाऊन बसली आणि त्यांचं गाव विचारलं. आजींनी आधी व्यवस्थापकांकडे पाहिलं. मग गावाचं नाव सांगितलं. स्लॅबचा विषय मी काढला, तर व्यवस्थापक हसून म्हणाले की बांधकाम पक्कं आहे, यांना सवय होईल. आत्या वॉकर पुढे करून उठलीच.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "गाव सांगायला बी ती त्याच्या तोंडाकडं बघून राहिली."

दुसरी जागा नांदेडच्या अलीकडे होती. तिथली माणसं भली होती, आल्याआल्या त्यांनी पाणी दिलं, काही लपवलं नाही. पण खाटेवरच्या एका आजोबांचं पांघरूण आत्याने पायाकडून जरासं सारलं, तर पायाची नखं वाढून वाकडी झालेली. आत्याने थोडा वेळ त्यांच्या पावलावर हात ठेवला आणि पांघरूण पुन्हा नीट केलं. एवढ्या माणसांना दोघंच बघत होते. त्यांच्यावर राग धरावा असं काहीच नव्हतं. निघताना आत्याने त्यांना हात जोडले.

तिसऱ्या ठिकाणी जायचं माझ्या मनातच नव्हतं. परतीच्या रस्त्यावर फाट्यापासून आत जुनी इमारत होती, रंग उडालेला. जीप थांबली तेव्हा आतून भांडण ऐकू आलं. दोन म्हातारे रेडिओवर काय लावायचं यावरून तावातावाने बोलत होते. एकाला भजन हवं होतं, दुसऱ्याला बातम्या. मी आत्याला म्हटलं, जाऊ दे, इथे नको. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं हाय की. भांडायला बी भीती वाटत न्हाई इथं कुणाला."

आमच्या स्वागताला कोणी आलं नाही. आत एक बाई खाटेवरच्या आजींना वरणभात भरवत होत्या. नांदेडच्या एका मुस्लिम घरातल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. तिथे सगळे त्यांना आपा म्हणत. आपांनी आम्हाला मानेनेच बसायला सांगितलं आणि भरवणं चालू ठेवलं. आजी एकेक घास कितीतरी वेळ चघळायच्या. आपा चमचा हातात धरून थांबायच्या. मी घड्याळ बघत होते, आत्या आपांचा हात बघत होती.

जेवण आटोपल्यावर आपा आल्या. आत्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की आपण स्लॅबखाली झोपत नाही. आता सवय होईल हे उत्तर येणार म्हणून मी उठायच्या तयारीत होते. आपा तिच्याजवळ बसल्या आणि विचारलं, "अम्मा, भीती छताची वाटते का दाराची?"

इतक्या वर्षांत हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. आत्याने वॉकर बाजूला सारला आणि सांगितलं.

"दाराची. मी शेतातून पळत आले तवा दार अडकलं होतं. पोरगं आतून हाका मारून राहिलं होतं. मला दार निघालं न्हाई."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. आपांनी तिचा हात हातात घेतला. देवाची मर्जी वगैरे काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने तिला उठवून मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे पत्र्याचा लांब व्हरांडा होता, तीन बाजूंनी भिंत आणि एक बाजू मोकळी. आपा म्हणाल्या की खाट इथे टाकू, थंडीत जाड पडदा लावू. दार नाही, कडी नाही, आणि त्यांची स्वतःची खोली हाकेच्या अंतरावर आहे. आत्याने पत्र्याकडे पाहिलं, मोकळ्या बाजूने दिसणाऱ्या तुरीच्या शेताकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "सामान घिऊन ये माझं."

आत्या तिथे काही वर्षं राहिली. सुरुवातीला दर रविवारी मी अपराध्यासारखी जायचे. हळूहळू ते गेलं, कारण मी गेले की आत्याला माझ्याशी बोलायला सवड नसायची. रेडिओच्या भांडणात आता तिचाही तिसरा पक्ष होता. कोणी नवं माणूस दाखल झालं की पहिले काही दिवस आपा त्याची खाट आत्याच्या खाटेशेजारी टाकायच्या. आत्या त्याला त्याचं गाव, पीकपाणी, लेकरंबाळं विचारायची. मुलाबद्दलही ती मोकळेपणाने बोलायला लागली. तो लहानपणी विहिरीत कसा उड्या मारायचा, त्याला कोणती भाजी आवडायची. ज्या आतेभावाला मी जेमतेम ओळखत होते, तो मला त्या व्हरांड्यात बसून कळला.

ती गेली ती दुपारच्या वेळी, थोडा ताप येऊन, आपा जवळ असताना. मी पोचले तेव्हा तिचं अंग पुसून, केस विंचरून ठेवलेले होते. बातम्यांवाले आजोबा बाहेर बाकावर एकटेच बसून होते.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तिथल्या सगळ्यांसाठी जेवण घेऊन गेले. मनात होतं, स्वतःच्या हाताने वाढावं. आपांसाठी एक साडी घेतली होती, काय बोलायचं तेही जीपमध्ये जुळवून ठेवलं होतं. ते नंतर बोलू म्हणून मी आधी भाताचं भांडं उचललं. मी वाढायला वाकले तर आपांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. "आज तुम्ही बसा," म्हणाल्या.

मी पंगतीत बसले. एका बाजूला भजनवाले आजोबा, दुसऱ्या बाजूला नुकत्याच आलेल्या एक आजी. आपांनी ताटात भात वाढला, वर वरण, वरणावर तूप, आणि मी पहिला घास घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.